जलतरणपटूंच्या दमदारपणाची चाचणी

जलतरणपटूंच्या दमदारपणाची चाचणी म्हणजे पोहणाऱ्याची दीर्घकाळ, ठरावीक गतीने व फारसा थकवा न येता पोहत राहण्याची क्षमता प्रत्यक्ष पोहण्याच्या कामगिरीवरून मोजण्याची पद्धत होय. या क्षमतेला शारीरिक शिक्षणाच्या परिभाषेत ‘दमदारपणा’ आणि बोलीभाषेत ‘दमसास’ असे म्हणतात. प्रयोगशाळेत प्राणवायूचा वापर किंवा रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण मोजून हीच क्षमता अधिक अचूकपणे ठरविता येते. परंतु त्यासाठी लागणारी उपकरणे बहुतेक शाळा, महाविद्यालये व जिल्हा पातळीवरील जलतरण तलावांना उपलब्ध नसतात. प्रात्यक्षिक चाचणीस मोजमाप केलेला तलाव, स्टॉपवॉच, शिट्टी व नोंदवही एवढे साहित्य पुरते. त्यामुळे नांदेड व लातूरसारख्या, तलावांची संख्या मर्यादित असलेल्या व वारंवार पाणीटंचाईस सामोरे जाणाऱ्या जिल्ह्यांत या चाचण्यांचे महत्त्व विशेष आहे.

## संकल्पना

शारीरिक सुदृढतेचे ताकद, वेग, लवचिकता, चपळता व दमदारपणा हे प्रमुख घटक मानले जातात. दमदारपणाचे दोन प्रकार आहेत. हृदय, रक्ताभिसरण व फुप्फुसे यांनी काम करणाऱ्या स्नायूंना अखंड प्राणवायू पुरविण्याची क्षमता म्हणजे हृदय-श्वसन दमदारपणा. आणि विशिष्ट स्नायूंनी एकच हालचाल पुनःपुन्हा करीत राहण्याची क्षमता म्हणजे स्नायूंचा दमदारपणा. पोहताना या दोहोंची एकाच वेळी कसोटी लागते.

धावण्याच्या किंवा पायरी चढ-उताराच्या चाचणीवरून पोहण्यातील दमदारपणाचा अंदाज बांधणे सदोष ठरते. पोहताना शरीर आडवे असते, कामाचा मोठा वाटा हात व खांदे उचलतात आणि श्वास हवा तेव्हा घेता येत नाही; तो हातांच्या लयीशी जुळवून घ्यावा लागतो. पाण्याचा दाब, आडवी स्थिती व पाण्याचा गारवा यांमुळे हृदयाचे ठोकेही जमिनीवरील तेवढ्याच श्रमाच्या तुलनेत साधारणपणे कमी पडतात. शिवाय पाण्याचा अवरोध गतीच्या सुमारे वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने थोडीशी गती वाढविण्यासाठीही बरीच अधिक शक्ती खर्च होते. म्हणूनच तंत्र चांगले असलेला पोहणारा कमी शक्तीत अधिक अंतर कापतो. पोहण्याची कोणतीही प्रात्यक्षिक चाचणी दमदारपणा व तंत्र या दोहोंचे एकत्रित मापन करते, ही गोष्ट निष्कर्ष काढताना विसरून चालत नाही.

भारतातील शालेय सुदृढता चाचण्यांत दमदारपणासाठी ६०० मीटर धावणे किंवा चालणे हा घटक वापरला जातो. सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी तो उपयुक्त असला, तरी जलतरणपटूच्या निवडीसाठी वरील कारणांमुळे पुरेसा नाही.

## ऐतिहासिक आढावा

अमेरिकन हवाई दलातील वैद्यक केनेथ कूपर यांनी १९६८ साली १२ मिनिटांत धावलेल्या अंतरावरून हृदय-श्वसन क्षमता ठरविण्याची पद्धत मांडली. पुढे तिच्याच धर्तीवर त्यांनी १२ मिनिटांच्या पोहण्याची चाचणी व तिची वयोगटानुसार कोष्टके दिली. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये कृत्रिम प्रवाह असलेल्या कुंडात पोहणाऱ्याचा प्राणवायूवापर मोजण्याचे प्रयोग झाले व पोहण्याच्या शरीरक्रियाशास्त्राला भक्कम पाया मिळाला. १९८५ साली यान ओलब्रेख्त व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० मिनिटांच्या पोहण्याचा लॅक्टेटच्या पातळीशी असलेला संबंध दाखवून दिला. १९९२ साली जपानमधील कोहजी वाकायोशी व सहकाऱ्यांनी ‘क्रांतिक गती’ ही संकल्पना जलतरणात आणली. मोनो व शेरर यांनी १९६५ साली स्नायूंच्या श्रमासंबंधी मांडलेल्या विचाराचा हा विस्तार होता.

स्पर्धांमध्येही लांब पल्ल्याच्या पोहण्याचे महत्त्व वाढत गेले. ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटर खुल्या पाण्यातील पोहण्याचा समावेश २००८ च्या बीजिंग स्पर्धेपासून झाला. पुरुषांची ८०० मीटर व महिलांची १५०० मीटर फ्रीस्टाईल शर्यत टोकियो २०२० स्पर्धेपासून सुरू झाली.

## प्रमुख चाचण्या

### १२ मिनिटांची पोहण्याची चाचणी

या चाचणीत पोहणाऱ्याने १२ मिनिटांत जास्तीत जास्त अंतर कापावयाचे असते. कोणताही पोहण्याचा प्रकार चालतो; दम लागल्यास थांबण्यास किंवा प्रकार बदलण्यास मुभा असते. नवशिक्यांसाठी व मोठ्या गटासाठी ही सर्वांत सोयीची चाचणी होय. कूपर यांची मूळ कोष्टके यार्डांत आहेत. त्यांचे मीटरमध्ये केलेले रूपांतर पुढीलप्रमाणे आहे (पूर्णांकात):

| श्रेणी | मुलगे १३–१९ वर्षे | मुली १३–१९ वर्षे | पुरुष २०–२९ वर्षे | स्त्रिया २०–२९ वर्षे |
|---|---|---|---|---|
| उत्कृष्ट | ७३२ व अधिक | ६४० व अधिक | ६४० व अधिक | ५४९ व अधिक |
| चांगली | ६४०–७३१ | ५४९–६३९ | ५४९–६३९ | ४५७–५४८ |
| मध्यम | ५४९–६३९ | ४५७–५४८ | ४५७–५४८ | ३६६–४५६ |
| कमी | ४५७–५४८ | ३६६–४५६ | ३६६–४५६ | २७४–३६५ |
| फार कमी | ४५७ पेक्षा कमी | ३६६ पेक्षा कमी | ३६६ पेक्षा कमी | २७४ पेक्षा कमी |

ही कोष्टके सर्वसामान्य नागरिकांसाठी आहेत. नियमित सराव करणारा स्पर्धक ‘उत्कृष्ट’ श्रेणी सहज ओलांडतो. त्यामुळे स्पर्धकांमधील सूक्ष्म फरक या चाचणीतून दिसत नाहीत.

### ४०० मीटर वेळचाचणी

ठरावीक अंतर शक्य तितक्या कमी वेळात पोहणे हा या चाचणीचा गाभा होय. ४०० मीटर फ्रीस्टाईलमधील सरासरी गती ही पोहणाऱ्याच्या प्राणवायूवर आधारित कमाल गतीच्या जवळपास असते, असे मानले जाते. वेळ थोडा लागतो, नोंद स्पष्ट मिळते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घेऊन तुलना करता येते. दोष असा की, अननुभवी पोहणारा पहिले १०० मीटर जोरात पोहतो व उत्तरार्धात ढेपाळतो. म्हणून प्रत्येक १०० मीटरची वेळ स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक असते.

### ३० मिनिटांची चाचणी

यात ३० मिनिटे न थांबता शक्य तितक्या समान गतीने पोहावयाचे असते. मिळालेली सरासरी गती रक्तातील लॅक्टेट प्रतिलिटर सुमारे ४ मिलिमोल असतानाच्या गतीशी जुळते, असे ओलब्रेख्त यांच्या अभ्यासात आढळले. रक्ततपासणी न करता सरावाची योग्य गती ठरविण्याचा हा मार्ग आहे. एखाद्याने ३० मिनिटांत १,५०० मीटर अंतर कापले, तर त्याची सरासरी गती दर १०० मीटरला २ मिनिटे होते आणि दमदारपणाच्या सरावासाठी हीच गती आधारभूत धरता येते. काही प्रशिक्षक वेळेऐवजी २,००० किंवा ३,००० मीटर अंतर निश्चित करतात. लहान मुलांसाठी ही चाचणी कंटाळवाणी ठरते आणि कंटाळ्याने कमी झालेली गती दमदारपणाची उणीव म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो.

### क्रांतिक गती

फार थकवा न येता सैद्धांतिकदृष्ट्या दीर्घकाळ टिकवता येईल अशी गती म्हणजे क्रांतिक गती होय. ती दोन वेगवेगळ्या अंतरांच्या कमाल प्रयत्नांवरून काढतात. सर्वसाधारणपणे २०० व ४०० मीटर ही अंतरे घेतात व दोन्ही प्रयत्नांच्या मध्ये पूर्ण विश्रांती देतात. दोन अंतरांतील फरकाला दोन वेळांतील फरकाने भागले असता ही गती मिळते.

उदाहरणार्थ, एखाद्या विद्यार्थ्यास ४०० मीटरसाठी ७ मिनिटे २० सेकंद, म्हणजे ४४० सेकंद, आणि २०० मीटरसाठी ३ मिनिटे ३० सेकंद, म्हणजे २१० सेकंद लागले. अंतरांतील फरक २०० मीटर व वेळेतील फरक २३० सेकंद. २०० ला २३० ने भागल्यास ०.८७ मीटर प्रतिसेकंद ही गती येते. म्हणजेच १०० मीटरला सुमारे १ मिनिट ५५ सेकंद.

या पद्धतीतील एक सापळा लक्षात घेण्याजोगा आहे. दुसऱ्या वेळी त्याच विद्यार्थ्याने ४०० मीटर ४४० सेकंदांतच पोहले, पण २०० मीटरला आळस केल्याने २१६ सेकंद लागले, तर वेळेतील फरक २२४ सेकंद होतो व क्रांतिक गती ०.८९ मीटर प्रतिसेकंद येते. प्रत्यक्षात कामगिरी घसरली असूनही कागदावर प्रगती दिसते. म्हणून केवळ अंतिम आकडा न पाहता मूळ दोन्ही वेळा शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा लागतो.

### ७ × २०० मीटर टप्पाचाचणी

ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या या चाचणीत २०० मीटरच्या सात फेऱ्या क्रमाने अधिकाधिक वेगाने पोहावयाच्या असतात. पहिली फेरी सावकाश व शेवटची कमाल वेगाने असते. प्रत्येक फेरीनंतर वेळ, हृदयाचे ठोके व हातांची गती नोंदवितात. सोय असल्यास लॅक्टेटही तपासतात. ही चाचणी अनुभवी स्पर्धकांसाठीच योग्य आहे, कारण ठरवून दिलेल्या गतीने पोहण्याची सवय तीत गृहीत धरलेली असते.

### पूरक नोंदी

* हृदयाचे ठोके: पोहणे थांबताच मानेवर किंवा मनगटावर १० सेकंद ठोके मोजून ६ ने गुणतात. मोजताना एका ठोक्याची चूक झाली, तर मिनिटाच्या आकड्यात ६ चा फरक पडतो. एक व दोन मिनिटांनंतरची मोजणी पूर्ववत होण्याचा वेग दाखविते.
* हातांची संख्या: एका लांबीत किती वेळा हात मारले याची नोंद. गती तीच राहून शेवटच्या फेऱ्यांत ही संख्या वाढत गेल्यास थकव्याने तंत्र बिघडत असल्याचे समजते.
* श्रमाची जाणीव: पोहणाऱ्याने स्वतः सांगितलेले श्रमाचे मान.

## चाचणीची कार्यपद्धती

चांगली चाचणी विश्वसनीय, सप्रमाण व वस्तुनिष्ठ असावी लागते. तीच व्यक्ती तशाच परिस्थितीत पुन्हा पोहल्यास जवळपास तोच निकाल येणे ही विश्वसनीयता. जे मोजावयाचे तेच मोजले जाणे ही सप्रमाणता. आणि मोजणारा बदलला तरी आकडा न बदलणे ही वस्तुनिष्ठता. यासाठी पुढील बाबी पाळल्या जातात.

१. तलावाची लांबी फितीने प्रत्यक्ष मोजून नोंदवावी. २५ मीटरच्या तलावात वळणे अधिक असल्याने भिंतीला रेटा देऊन वेळ वाचतो. त्यामुळे २५ व ५० मीटरच्या तलावांतील वेळांची थेट तुलना करू नये.

२. पाण्याचे तापमान नोंदवावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तलावातील स्पर्धांसाठी ते २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. नांदेडमध्ये उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि उघड्या तलावातील पाणीही तापते. अशा पाण्यात शरीराची उष्णता बाहेर पडत नाही व दमदारपणा कमी भासतो. चाचणी सकाळी लवकर घेणे श्रेयस्कर.

३. पुनर्चाचणी त्याच वेळी, त्याच तलावात व त्याच प्रकारच्या उडीने किंवा रेट्याने सुरू करावी.

४. पोहणाऱ्याने आदल्या दिवशी कठोर सराव केलेला नसावा व जेवणानंतर किमान दोन तास गेलेले असावेत.

५. प्रत्येक पोहणाऱ्यासाठी एक स्वतंत्र मोजणीदार असावा. लांब चाचण्यांत सर्वाधिक चुका वेळेच्या नसून फेऱ्यांच्या मोजणीच्या असतात. प्रत्येक फेरीस कागदावर खूण करणे हाच त्यावरील उपाय होय.

## मराठवाड्यातील संदर्भ

### पाणी आणि तलाव

नांदेड हे शहर गोदावरीच्या काठी वसलेले असून शहराजवळच विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय आहे. लातूर शहर मात्र मांजरा धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. २०१६ च्या दुष्काळात हा साठा संपुष्टात आल्यावर एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे ५० टाक्यांच्या गाडीने एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

हे आकडे जलतरणाच्या संदर्भात बोलके आहेत. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावते. म्हणजे पहिल्या गाडीतील जवळजवळ सर्व पाणी अशा एका तलावालाच लागले असते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व २ मीटर खोल तलावास बरोबर २५ लाख लिटर, म्हणजे ५० टाक्यांच्या गाडीची पूर्ण खेप लागते. टंचाईच्या काळात तलाव भरण्याचा प्रश्न या प्रदेशात किती अवघड असतो, हे यावरून ध्यानात येते.

याचा चाचणीवर थेट परिणाम होतो. मराठवाड्यात पोहायला येणाऱ्यांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत, सुट्टीत होते आणि टंचाईही त्याच महिन्यांत तीव्र असते. सरावात खंड पडल्यास दमदारपणा वेगापेक्षा लवकर ओसरतो. त्यामुळे उन्हाळ्यातील नोंदीवरून काही महिन्यांनंतरच्या स्पर्धेसाठी खेळाडू निवडणे योग्य नसते. स्पर्धेपूर्वी पुन्हा चाचणी घेणे आवश्यक ठरते.

### विहिरीत पोहणारी मुले

ग्रामीण भागातील अनेक मुले विहिरीत, शेततळ्यात किंवा नदीच्या डोहात, कमरेला भोपळा, डबा अथवा ट्यूब बांधून पोहायला शिकतात. अशा मुलांना सूर मारणे, मुटका मारणे व बराच वेळ पाण्यात राहणे चांगले जमते. परंतु विहिरीत सरळ लांब अंतर मिळत नाही, रेटा देऊन वळण्याची सवय लागत नाही आणि डोके पाण्याबाहेर ठेवूनच पोहले जाते. डोके वर राहिल्याने पाय खाली जातात व पाण्याचा अवरोध वाढतो.

असा मुलगा प्रथमच २५ मीटरच्या तलावात १२ मिनिटांची चाचणी देतो, तेव्हा त्याचे अंतर ‘कमी’ श्रेणीत येऊ शकते. हा निकाल बहुधा त्याच्या हृदय-फुप्फुसांविषयी नसून श्वास घेण्याच्या तंत्राविषयी असतो. एकाच चाचणीवरून त्याला नाकारणे म्हणजे सरावाच्या संधीतील विषमतेवर गुणवत्तेचा शिक्का मारणे होय. दोन ते तीन आठवडे बाजूस तोंड वळवून श्वास घेण्याचा सराव देऊन पुनर्चाचणी घेतली आणि अंतरात झालेली वाढ पाहिली, तर खरी क्षमता अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतील कोष्टकांपेक्षा स्थानिक विद्यार्थ्यांच्या नोंदींवर आधारलेली वयोगटनिहाय मानके अशा निवडीसाठी अधिक उपयुक्त ठरतात.

### शाळा व विद्यापीठ

शालेय जलतरण स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात व जिल्ह्यातून विभागीय आणि राज्य पातळीवर खेळाडू जातात. लातूर हे क्रीडा विभागाचे विभागीय केंद्र आहे. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकांनी दरवर्षी एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्यास वर उल्लेखिलेली स्थानिक मानके तयार करणे शक्य होते. त्यासाठी प्रत्येक नोंदीत वय, लिंग, तलावाची लांबी, पाण्याचे तापमान व सरावाची वर्षे असणे आवश्यक आहे.

## लांब पल्ल्याचे पोहणे

खुल्या पाण्यातील पोहण्यात दमदारपणाच्या चाचणीला प्रवेशपरीक्षेचे स्वरूप येते. इंग्लिश खाडी पोहू इच्छिणाऱ्यास १६ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात सलग ६ तास पोहल्याचा पुरावा द्यावा लागतो. येथे दमाबरोबरच थंडी सहन करण्याची क्षमताही तपासली जाते. महाराष्ट्रात धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा सागरी मार्ग लांब पल्ल्याच्या पोहण्यासाठी प्रसिद्ध आहे, तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरतात. पुण्याचे रोहन मोरे यांनी जगातील सात अवघड सागरी मार्ग पोहून जाण्याचा ‘ओशन्स सेव्हन’ हा उपक्रम २०१८ साली पूर्ण केला. हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई जलतरणपटू होत.

## मर्यादा

दमदारपणाची चाचणी वेगवान शर्यतींतील यश सांगू शकत नाही. कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात कांस्यपदक मिळविले. अशा अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी वेळेच्या शर्यतीत स्फोटक ताकद, उडी व तंत्र यांचे महत्त्व अधिक असते. याशिवाय पोहणाऱ्याची मनःस्थिती, प्रयत्नांतील प्रामाणिकपणा व गती राखण्याचा अनुभव यांचा निकालावर परिणाम होतो. वाढत्या वयातील मुलांची प्रगती अंशतः उंची व हातांची लांबी वाढल्यामुळेही होते. तिचे सर्व श्रेय सरावाला देता येत नाही.

## सुरक्षितता

हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा कानाचा संसर्ग असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही चाचणी देऊ नये. प्रशिक्षित जीवरक्षक व गळ, दोर, तरंगते कडे यांसारखी साधने उपलब्ध असल्याशिवाय चाचणी घेऊ नये. विहीर, धरणाचा जलाशय वा नदीचा डोह ही चाचणीची ठिकाणे नव्हेत. तेथे अंतर मोजता येत नाही आणि थकलेल्यास आधाराची भिंत मिळत नाही. जोरजोराने श्वास घेऊन पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहण्याच्या पैजा हा दमदारपणाचा पुरावा नाही. त्यात पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपून मृत्यू ओढवू शकतो.

तलावात ४०० मीटर पोहणारी व्यक्ती पुराच्या प्रवाहात सुरक्षित राहीलच, असे नाही. गोदावरी व मांजरेच्या काठच्या गावांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. चाचणीतून समजणारे अंतर हे शांत, स्वच्छ व देखरेखीखालील पाण्यातील आहे. स्वतःची मर्यादा आकड्यांत कळणे हाही या चाचणीचा एक उपयोग होय.

## हे सुद्धा पाहा

* जलतरण
* शारीरिक शिक्षण
* स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ
* मांजरा नदी